मुका मार

मला लढवय्या म्हणू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या वर्षभरात हा शब्द इतक्या जणांनी तोंडावर फेकलाय की आता ऐकला तरी डोकं फिरतं. लढायला समोर कुणीतरी लागतं. मी खाटेवर पडून होतो, हाताला सुई होती आणि ओकाऱ्या काढत होतो. याला लढाई म्हणत असाल तर लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गाडीखाली पडून राहणारं कुत्रंही लढवय्याच म्हणायचं.

माझं नाव महेश. वय तेहतीस. गाव लोणंद, राहायला सांगलीत. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या राखीव संघात मी सात हंगाम डाव्या बगलेला बचावपटू म्हणून खेळलो. राखीव संघ म्हणजे मुख्य संघातला कुणी पडला तर आम्ही. कुणी पडला नाही तर आम्ही आठवडाभर मुख्य संघाला सराव द्यायचा आणि शनिवारी टाळ्या वाजवायच्या. सात हंगामांत मुख्य संघाचा शर्ट दोनदा अंगात घातला आणि दोन्ही वेळा तो बाकावर बसूनच मळवला. माझी बायको स्वाती रागावली की अजून म्हणते, ‘तुमी रिझर्व्हचंच.’ खेळणं संपल्यावर क्लबनं मला त्यांच्या अकादमीत पंधरा वर्षांखालच्या पोरांचा कोच केलं.

आज माझा डावा पाय गुडघ्याच्या वरपासून नाही. हाडाचा कॅन्सर झाला होता. उपचार संपले, सध्या तरी तपासण्या स्वच्छ येतायत. हे लिहितोय ते ज्यांच्या घरात कुणाचा तरी पाय महिनाभर दुखतोय आणि घरातले म्हणतायत ‘होईल कमी’, त्यांच्यासाठी. आणि खोटं कशाला बोलू, राग काढण्यासाठीही लिहितोय.

तीन दिवसांचा नियम

आमच्या अकादमीत दुखापतीचं एक रजिस्टर असतं. तारीख, नाव, काय झालं, काय केलं, असे चार रकाने. फिजिओ आठवड्यातनं दोन दिवस यायचा. उरलेले दिवस आम्ही कोचच डॉक्टर.

मुख्य कोचना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांचा एक नियम होता. ज्याचं नाव तीन दिवसांपेक्षा जास्त रजिस्टरात राहील तो त्या महिन्याच्या यादीतून बाहेर. यादी म्हणजे कुणाला वरच्या गटात घ्यायचं, कुणाला राखीव संघाबरोबर सरावाला पाठवायचं त्याची. पोरं त्या यादीसाठी जीव टाकतात. आईबापांना सोडून, हॉस्टेलची डाळ पिऊन ती कशासाठी राहतात मग?

पण या नियमात एक पळवाट होती. ‘मुका मार’ दुखापतीत धरायचा नाही.

मुका मार म्हणजे रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, वरून काही दिसत नाही, फक्त दुखतं. आमच्या भागात हा शब्द म्हणजे निदानही आणि औषधही. एकदा मुका मार म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. मग आम्ही कोच लोकांनी काय करावं? पोरगं लंगडत आलं, रडकुंडीला आलेलं असलं, की त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि ‘काय झालं’च्या रकान्यात लिहायचं, मुका मार. ‘काय केलं’च्या रकान्यात, बर्फ. पोराचं नाव यादीत राहायचं, पोरगं खूश, आपण खूश. मी याला माया समजत होतो. आम्ही पोरांना वाचवतोय असं मला मनापासून वाटायचं.

त्या हंगामात राखीव संघाच्या कोचची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळेल असं सगळे बोलत होते. एका सराव सामन्यात राखीव संघाचा एक जण तापानं पडला. मोठे सर म्हणाले, ‘महेश, उतर रं तू. बघू अजून हाय का जोर.’ उतरलो. एकाचा बूट गुडघ्याच्या जरा खाली बसला. मार काही फार नव्हता. संध्याकाळी मी स्वतःच रजिस्टर ओढलं आणि स्वतःच्याच नावापुढं स्वतःच्याच अक्षरात लिहिलं, मुका मार.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की त्या बुटानं काही झालेलं नव्हतं. गाठ आधीपासून असणार, मार लागला म्हणून माझं तिकडं लक्ष गेलं. म्हणजे खरं तर तो बूट माझा उपकारकर्ता. त्यानं दार वाजवलं आणि मी आतून ओरडलो, कुणी नाही.

आंबेहळद

तीन महिने. या तीन महिन्यांचा हिशेब मी अजून रोज करतो.

पहिल्या महिन्यात आंबेहळदीचा लेप लावला. सांगलीत हळदीला तोटा नाही. आई फोनवर म्हणायची, ‘विटकर तापव आन शेकून काढ.’ शेकून काढलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यातनं सुभेदार होऊन निवृत्त झाले. ते म्हणाले, ‘आमच्या पलटनीत असल्या दुखण्याला कुणी सुट्टी मागत न्हवतं.’ मी तरी कुठं मागत होतो.

दुसऱ्या महिन्यात एका गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडं गेलो. त्यानं तेल लावून अर्धा तास पाय चोळला. मी दात आवळून बसलो. चार वेळा गेलो त्याच्याकडं. हे पुढं डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या महिन्यात गुडघ्याखाली लिंबाएवढी सूज आली. चालताना कमी दुखायचं, आडवं झालं की जास्त. हे नीट लक्षात ठेवा. मार लागलेला पाय विश्रांतीनं बरा व्हायला लागतो. माझा उलटा वागत होता आणि मी पायालाच शिव्या देत होतो.

स्वाती पोस्टात काउंटरला बसते. दिवसभर माणसं बघून तिची नजर तयार झालीय. एक दिवस ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, ‘तुमी एकेक पायरी चढताय.’

‘मुका मार हाय.’

‘तीन म्हयनं मुका ऱ्हातोय व्हय मार? आता बोलाय पायजे की त्यो.’

मी तिच्यावर ओरडलो. चार दिवस आमचं बोलणं नव्हतं. आणि हे सगळं कशासाठी, तर फिजिओकडं गेलो तर तो रजिस्टरात खरी दुखापत लिहील, तसं लिहिलं तर मोठ्या सरांना कळेल आणि राखीव संघाची जागा हुकेल. पोरांना लावलेला नियम मी स्वतःला लावून घेतला होता आणि तो नियम मला कुणी लावलेलाही नव्हता.

सोबत कोण आहे

पोरांना वळणारी किक दाखवताना डाव्या पायावर भार दिला आणि खाली बसलो. पोरं हसली, त्यांना वाटलं नाटक करतोय. त्या दिवशी फिजिओ मैदानावर होता. त्यानं सुजेवर बोट ठेवलं, नुसतं ठेवलं, आणि म्हणाला, ‘सर, आत्ताच्या आत्ता मिरजेला जावा. फोटो काढा.’

मी एकटाच गेलो. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायानं टाकावा लागतो. तो टाकता येईना म्हणून सांगली ते मिरज दुसऱ्या गिअरवरच गेलो. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालत होते.

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच. एक्स-रे लावून त्या बघत राहिल्या. मग विचारलं, ‘सोबत कोण आहे?’

‘गाडी आहे,’ मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. त्या हसल्या नाहीत तेव्हाच मला कळलं.

फोन केला, तशी स्वाती काउंटर सोडून तशीच आली. बोटांना शिक्क्याची शाई होती. डॉक्टरबाईंनी कॅन्सर हा शब्द स्पष्ट उच्चारला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढच्या महिनाभरात नातेवाइकांनी त्याला ‘त्ये’, ‘गाठ’, ‘मोठं दुखणं’ अशी शंभर नावं दिली. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘किती दिवस दुखत होतं?’ मी सांगितलं. ‘कुणाला दाखवलं?’ मी तेही सांगितलं. स्वाती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. तिनं त्या दिवशी एकदाही ‘मी म्हणत होते’ असं म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

गाठीचा तुकडा तपासून आल्यावर ठरलं असं की आधी केमोची औषधं द्यायची. गाठ आकसली तर तेवढं हाड काढून आत धातू बसवायचा, पाय राहील. नाही आकसली तर पाय काढायचा. म्हणजे तीन फेऱ्या औषध घेईपर्यंत पाय माझा आहे की नाही ते कळणार नव्हतं.

वॉर्ड

सकाळी रक्त, मग सलाईन, मग ते लाल औषध. लाल औषध संपलं की लघवीही लाल. पहिल्यांदा मी घाबरून नर्सला हाक मारली, तर शेजारच्या खाटेवरचे अथणीकडचे आजोबा म्हणाले, ‘मास्तर, रंगपंचमी ते.’ त्यांचं मराठी अर्धं कानडी होतं, पण त्यांच्याइतकं सरळ माझ्याशी तिथं कुणी बोललं नाही. तिसऱ्या फेरीला गेलो तेव्हा त्या खाटेवर दुसरा माणूस होता. मी विचारलं नाही.

बघायला येणाऱ्यांबद्दल लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे बघायला जाणारे असतील. शहाळं आणा, ठीक. पण पेशंटच्या तोंडाकडं बघा, पायाकडं नको. ‘आमच्या एकांना असंच झालं हुतं’ अशी सुरुवात करणार असाल तर त्यांचं पुढं काय झालं ते आधी आठवून घ्या. एकानं माझ्यासमोर ही गोष्ट सुरू केली आणि शेवट आठवल्यावर मधेच थांबला. मग उठून खिडकी उघडली. एका मावसभावानं गोमूत्र आणलं. मी म्हणालो, तू पी आधी. तो पुन्हा आला नाही. मला बरं वाटलं.

क्लबातून मोठे सर एकदा आले. दहा मिनिटं बसले, फोन आला म्हणून बाहेर गेले ते तिकडूनच गेले. आठवड्यानं बघतो तर कोचांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मला काढलेलं. विचारलं तर म्हणे, ‘तुला त्रास नको म्हणून.’ राखीव संघाची जागा दुसऱ्याला दिली होती. त्याला द्यायलाच हवी होती, पण मला सांगायला कुणाचं तोंड दुखत होतं?

आणि एक रंजना मावशी होत्या, फरशी पुसायच्या. औषधाच्या दिवसांत मला फिनेलच्या वासानं उलटी व्हायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी पुसता पुसता त्या म्हणाल्या, ‘आज न्हाई न्हवं वास येत? तुमच्या खाटंपाशी नुसतं पाणीच मारतीया मी. कुणाला बोलू नगा.’ एवढं बोलून पुढं गेल्या. सगळ्या आजारपणात मी फक्त तेव्हा रडलो.

सही

गाठ आकसली नाही. ती पायाच्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘दोनेक महिने आधी आला असतात तर कदाचित पाय ठेवायचा प्रयत्न करता आला असता.’ कदाचित. हा शब्द त्यांनी प्रामाणिकपणे वापरला हे मला कळतं. पण ‘नक्की वाचला असता’ म्हणाल्या असत्या तर मी एकदाच छाती बडवून मोकळा झालो असतो. ‘कदाचित’ला काय करायचं?

सहीच्या दिवशी अण्णा लोणंदहून आले. वॉर्डाबाहेरच्या बोळात त्यांनी आवाज चढवला. ‘पाय तोडायचा न्हाई. मी नेतो ह्याला. फलटणच्या बाजूला एक जण पाला देतोय, लय लोकं बरी झाल्यात.’

स्वाती म्हणाली, ‘आवं अण्णा, चोळून चोळून इथवर आणलाय पाय. आता पाला नगं.’

‘तू गप. पोरगा माझा हाय.’

‘पोरगा तुमचा हाय, नवरा माझा हाय. पर पाय त्येंचा हाय. त्येंना इचारलंय का कुणी?’

कुणीच विचारलं नव्हतं. तिनंही नाही, आणि ते तिच्याही लक्षात आलं. दोघं माझ्याकडं बघायला लागली. मी चाकाच्या खुर्चीत होतो. मी म्हणालो, ‘काढा.’ माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, नर्सनं वळून बघितलं. मी सही केली, खाली स्वातीनं केली. अण्णा स्टँडवर निघून गेले.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ते परत आले. खाटेच्या पायथ्याशी बसले, जिथं डावा पाय असायला हवा होता तिथं, आणि माझा उजवा पाय मांडीवर घेऊन चेपायला लागले. आमच्याकडं पोरगं बापाचे पाय चेपतं. मला त्यांचा राग होता, तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. तरी मी पाय काढून घेतला नाही.

नसलेल्या पायाला खाज येते, हे खरं आहे. तुम्हाला आली तर वेड लागलं असं समजू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपाय असतात.

सत्कार

उपचार संपले, नवा पाय बसवून काठीनं चालायला लागलो, तेव्हा क्लबला माझी आठवण झाली. हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमात सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि मागं फ्लेक्सवर माझा राखीव संघातला जुना फोटो, दोन्ही पायांचा. वर लिहिलेलं, ‘आमचा लढवय्या’. मोठे सर माइकवर म्हणाले, ‘महेशनं कधी दुखण्याची तक्रार केली न्हाई. पोरांनो, हे शिका.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात माइक दिला. मी म्हणालो, ‘मी तक्रार केली असती तर कदाचित माझा पाय राहिला असता. सरांनी आत्ता सांगितलं ते शिकू नका.’ मग विचारलं, ‘आत्ता कुणाचं काय दुखतंय? हात वर करा.’

एकही हात वर आला नाही. सत्तर पोरं, हंगामाचा शेवट, आणि कुणाचंच काही दुखत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सरांवर होती.

मी शाल खुर्चीवर ठेवली आणि ऑफिसात जाऊन मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं काखेत मारली. सर दारात आले. ‘आरं ती क्लबची हायती.’

‘अक्षर माझं हाय,’ मी म्हणालो.

अक्षर

घरी पानं उलटत गेलो. मुका मार, बर्फ. मुका मार, बर्फ. मुका मार, शेक. मोठ्या सरांना, क्लबला, अण्णांना, हाडं बसवणाऱ्याला मी वर्षभर शिव्या दिल्या. आणि इथं ओळीनं माझंच अक्षर होतं, सुबक, प्रत्येक ओळीखाली रेघ मारलेली. मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला लागलो. ज्याच्या नावापुढं मी मुका मार लिहिलं त्या प्रत्येकाला. बहुतेक पोरं धडधाकट होती. काही जण हसले, ‘सर, काय जुनं घेऊन बसलाय.’ एकाला तर आठवतही नव्हतं. आठ-दहा फोन झाल्यावर मला जरा हलकं वाटायला लागलं.

मग समाधानचा नंबर लागला. आटपाडीकडचा पोरगा, विंगर, मैदानाच्या कडेनं वाऱ्यासारखा पळायचा. त्याच्या नावापुढं मी सलग चार आठवडे तेच लिहिलेलं. पाचव्या आठवड्यात तो घरी गेला आणि परत आला नाही. आम्ही म्हणालो होतो, पोराला आईची आठवण येत असणार.

फोन त्याच्या वडलांनी उचलला. मी समाधानची चौकशी केली.

‘खेळायचं सोडलं त्यानं. गुडघा निसटतोय मधीच. बागंत डाळिंबं तोडताना बी पडतंय. पर काय न्हाई, मुका मार हाय.’

‘कुणी सांगितलं?’

‘त्येच्या कोचनं. वहीत लिवलं बी हुतं म्हनं. तुमी कोन बोलताय?’

मी खुर्चीवर बसलो होतो, तरी काठी घट्ट धरली. ‘ज्यानं लिवलं हुतं त्योच बोलतोय. चूक लिवलं हुतं. सोमवारी समाधानला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात या. मी दारात उभा ऱ्हातो.’

‘बरं,’ ते म्हणाले.

सोमवारी बापलेक एसटीनं आले. पोरगं उंच झालंय, मिशा फुटल्यात. त्यानं आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग काठीकडं, मग वाकून नमस्कार करायला गेलं. मी म्हणालो, गुडघा सांभाळ.

डॉक्टर वेगळे होते, गुडघ्याचे. त्यांनी समाधानला टेबलावर बसवलं, पाय हातात घेतला, जरा पुढं ओढला आणि विचारलं, ‘इथं दुखतं का?’

पोराचं तोंड पांढरं पडलं होतं, ओठ आवळलेले होते. आणि उत्तर देण्याआधी त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. दीड वर्ष झालं होतं त्याला अकादमी सोडून.

‘माझ्याकडं काय बघतोस?’ मी ओरडलोच. ‘पाय तुझा हाय.’

त्यानं मान खाली घातली. मग डॉक्टरांना म्हणाला, ‘दुखतंय. लय दुखतंय.’

‘कधीपासून?’ डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं तारीख सांगितली. रजिस्टरात त्याच्या नावापुढं मी पहिल्यांदा लिहिलेली तीच तारीख होती.